फर्मासाहेबांची सहावी टेस्ट केस

४२९४९६७२९७.

या आकड्याकडे जरा नीट बघा. चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. सॉफ्टवेअरवाल्या मंडळींना चेहरा ओळखीचा वाटेल, पण शेवटचा अंक खटकेल. आपल्या रोजच्या ओळखीचा तो ४२९४९६७२९५, म्हणजे बत्तीस बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या. त्यात एक मिळवला की २ चा ३२वा घात. आणखी एक मिळवला की आजचे आपले नायक हजर.

या नायकाशी माझी गाठ पडली ती नोकरीच्या पहिल्या वर्षी, आणि ती काही फार सुखाची नव्हती. एका प्रोग्रॅममध्ये किती बाइट्स पुढे पाठवले हे मोजणारा एक काउंटर मी लिहिला होता. बत्तीस बिटांचा. पाच वेगवेगळ्या आकाराच्या फायली घेऊन टेस्ट केल्या, पाचही पास. रिव्ह्यूला मॅडमनी विचारलं, "चार जीबीच्या वर गेलं तर?" मी म्हटलं, "जाणारच नाही, मॅडम. सगळं व्यवस्थित चालतंय." त्यावर त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, "तपासलंयस, की वाटतंय?"

वाटत होतं, दुसरं काय! सहावी फाईल ग्राहकाकडे गेली, चार जीबीच्या थोडी वरची. काउंटर शून्यावरून परत सुरू झाला आणि प्रोग्रॅमने "जेमतेम काही बाइट्स पाठवले" असा रिपोर्ट दिला. पुढचा शनिवार-रविवार कुठे गेला ते सांगायला नकोच.

पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं, की याच जागी, अगदी याच आकड्यावर, माझ्याआधी साडेतीनशे वर्षं एक फार मोठा माणूस घसरला होता. त्याच्याही पाच टेस्ट केस पास झाल्या होत्या. त्यालाही सहावी नडली. तेव्हापासून हा आकडा माझा लाडका आहे. आज त्याचीच गोष्ट.

वकीलसाहेबांचा छंद

पिएर द फर्मा. सतराव्या शतकातला फ्रान्स, तुलूझ गाव. पेशाने हे गृहस्थ तिथल्या उच्च न्यायालयात सल्लागार, आणि गणित हा घरी बसून करायचा उद्योग. पुस्तकं छापण्यात त्यांना रस नव्हता. जे काही सापडायचं ते पत्रातून मित्रांना कळवायचे, बऱ्याचदा सिद्धता न देता. तेव्हा गणिताची नियतकालिकं नव्हतीच. पॅरिसमधले मर्सेन नावाचे एक पाद्री सगळ्यांची पत्रं सगळ्यांना फिरवायचे. त्या काळातली मेलिंग लिस्टच म्हणा ना.

१६४० साली फर्मांनी फ्रेनिकल नावाच्या पॅरिसमधल्या गणितवेड्याला एक निरीक्षण कळवलं. ते असं (^ म्हणजे घात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको):

२^१ + १ = ३
२^२ + १ = ५
२^४ + १ = १७
२^८ + १ = २५७
२^१६ + १ = ६५५३७

घातांक दर वेळी दुप्पट होतोय. १, २, ४, ८, १६. आणि उजवीकडची प्रत्येक संख्या मूळ संख्या आहे! म्हणजे १ आणि स्वतः सोडून तिला कशानेच निःशेष भाग जात नाही. यावरून फर्मांचं म्हणणं असं, की ही साखळी कितीही पुढे नेली तरी मूळ संख्याच मिळत राहणार. पुढची कडी म्हणजे २^३२ + १, अर्थात आपला ४२९४९६७२९७. त्याच्या पुढची २^६४ + १.

घातांक दुप्पटच का करायचा? कारण सोपं आहे. घातांकाला ३, ५, ७ अशा एखाद्या विषम संख्येने भाग जात असेल तर "अधिक एक" केल्यावर येणारी संख्या हमखास फुटते. उदाहरणार्थ २^६ + १ = ६५ = ५ × १३. म्हणजे मूळ संख्या हवी असेल तर घातांक २ चाच घात असावा लागतो. एवढं पक्कं आहे. पण घातांक तसा असला म्हणजे मूळ संख्या *मिळतेच* का? हा उलटा प्रश्न, आणि खरी मेख तिथेच.

फर्मांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे सिद्धता नाही, हे त्यांनी त्या पत्रात स्वच्छ कबूल केलं होतं. मात्र खात्री आहे, असंही लिहिलं होतं. म्हणजे मॅडमच्या प्रश्नाला त्यांनी तेव्हा सरळ उत्तर दिलं असतं: वाटतंय. १६५४ साली पास्कलला लिहितानाही सिद्धतेची अडचण त्यांनी लपवली नाही. पण १६५९ च्या सुमारास, आयुष्यभराच्या कामाचा गोषवारा लिहून पाठवताना, स्वतःच्या खास पद्धतीने हाताळलेल्या प्रमेयांच्या यादीत त्यांनी हेही विधान घातलं. एकोणीस वर्षांत "वाटतंय"चं "आहे" कधी झालं, ते बहुधा त्यांनाही कळलं नसावं. असं आपलं होत नाही का? एखादी गोष्ट पाच मीटिंगमध्ये सांगितली की सहाव्या मीटिंगमध्ये ती सिद्ध झालेली असते! १६६५ साली फर्मा वारले तेव्हा विधान तसंच उभं होतं.

मॉस्कोहून आलेला ताजा कलम

पुढची साठेक वर्षं सामसूम. मग १ डिसेंबर १७२९ रोजी मॉस्कोहून ख्रिस्तियान गोल्डबाख यांनी सेंट पीटर्सबर्गला एका बावीस वर्षांच्या तरुणाला पत्र लिहिलं. तोच गोल्डबाख, ज्याची दोन मूळ संख्यांच्या बेरजेची अटकळ आजही सुटलेली नाही. पत्राच्या शेवटी ताजा कलम टाकला: फर्माचं ते निरीक्षण तुला माहीत आहे का रे? सगळ्या मूळ संख्या येतात म्हणे. पण सिद्धता त्याच्याकडे नव्हती, आणि पुढेही कुणी दिल्याचं ऐकिवात नाही.

हा तरुण म्हणजे लेओनार्ड ऑयलर. त्याने आधी फारसा रस दाखवला नाही. गोल्डबाखने चिकाटी सोडली नाही, पत्रातून पुन्हा पुन्हा छेडत राहिला. शेवटी १७३० मध्ये ऑयलर फर्माचं लिखाण वाचायला बसला, आणि त्यात असा बुडाला की नंतरची पन्नास वर्षं बाहेर आलाच नाही. संख्याशास्त्राचा आधुनिक इतिहास या ताजा कलमापासून सुरू झाला असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

१७३२ च्या सप्टेंबरमध्ये, पंचविसाव्या वर्षी, ऑयलरने पीटर्सबर्गच्या अकादमीत एक छोटासा निबंध सादर केला. त्यात एक साधा गुणाकार होता:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

बास. खेळ खलास. बाण लागायला एकच पुरतो.

कागद घेऊन स्वतः पडताळा, दोन मिनिटं लागतील. ६७००४१७ ला ६०० ने गुणलं तर ४०२०२५०२००. ४० ने गुणलं तर २६८०१६६८०. आणि एकने तोच. तिन्हींची बेरीज ४२९४९६७२९७. तिसरी-चौथीतल्या पोराला जमेल असं गणित फर्मासारख्या माणसाच्या दाव्याला पुरून उरलं.

गुणाकार न करताही पडताळता येतं, आणि ही युक्ती मला फार आवडते. ६४१ कडे दोन बाजूंनी बघा:

६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

आता फक्त ६४१ ने भागल्यावर उरणारी बाकी बघायची. पहिल्या ओळीवरून ५ × २^७ ची बाकी "उणे एक". तिचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी "अधिक एक". पण दुसऱ्या ओळीवरून ५^४ म्हणजे बाकीच्या हिशेबात उणे २^४. ते घातलं की उणे २^३२ ची बाकी एक. म्हणजेच २^३२ + १ ची बाकी शून्य. झालं!

बरं, पण ६४१ च का?

ऑयलरने २, ३, ५, ७ असं करत करत ६४१ पर्यंत भागाकार केले का? तसे केले असते तरी चाललं असतं. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. म्हणजे ११६ भागाकार. कंटाळवाणं, पण एखाद्या रविवारचं काम. मात्र ऑयलर आळशी होता, म्हणजे चांगल्या प्रोग्रॅमरसारखा आळशी. त्याने शोधायची जागाच कमी केली.

समजा प ही मूळ संख्या ४२९४९६७२९७ ला निःशेष भागते. म्हणजे प ने भागल्यावर २^३२ ची बाकी उणे एक. वर्ग केला की २^६४ ची बाकी एक. आता २, ४, ८, १६... यांच्या बाक्या एका गोल घड्याळासारख्या फिरतात. एकवर आल्या की पुन्हा पहिल्यापासून. इथे ३२ व्या ठोक्याला उणे एक आणि ६४ व्या ठोक्याला एक, म्हणजे घड्याळाचा पूर्ण फेरा बरोबर ६४ ठोक्यांचा. आणि एक जुनं प्रमेय सांगतं, की असा फेरा नेहमी (प − १) ला निःशेष भागतो. म्हणजे प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा.

म्हणजे फक्त ६४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या तपासायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात उत्तर! ११६ भागाकारांचे पाचच उरले. ही विभाजकांची गोष्ट ऑयलरने सिद्धतेसकट नंतर, १७४७ च्या सुमारास, लिहून काढली.

आता खरी चुटपुट लावणारी गोष्ट. ते जे "जुनं प्रमेय" मी म्हटलं ना, ते कोणाचं? खुद्द फर्माचं! आज आपण ज्याला फर्माचं छोटं प्रमेय म्हणतो, ते त्यांनी याच फ्रेनिकलला, याच १६४० सालच्या ऑक्टोबरमध्ये पत्रातून कळवलं होतं. इतकंच नाही. त्याच वर्षी २^३७ − १ ही संख्या त्यांनी याच तऱ्हेने फोडून दाखवली होती. तिचे विभाजक ७४ च्या पटीत एक मिळवून येणारे असणार हे ओळखून त्यांनी २२३ शोधून काढला. म्हणजे हत्यार त्यांचं, धार त्यांनीच लावलेली, चालवून पाहिलेलं. ज्या वर्षी दावा केला त्याच वर्षी! तेच हत्यार आपल्या लाडक्या संख्येवर चालवलं असतं तर पाच भागाकारांत निकाल लागला असता.

मग चालवलं का नाही? की चालवलं, आणि त्या पाचव्या भागाकारात हातचा चुकला? इतिहासकारांचा एक तर्क तसाही आहे: त्यांनी पडताळलं असणार, हिशेबात चूक झाली असणार, आणि पुन्हा तपासायची गरज वाटली नसणार. मला तो तर्क पटतो. कारण उत्तर आपल्याला हवं तसं आलं की आपण दुसऱ्यांदा तपासत नाही. टेस्ट लाल झाली की दहा वेळा चालवतो, हिरवी झाली की चहा प्यायला जातो. :-)

पडलेल्या विधानाचं काय करायचं?

खोटं ठरलेलं विधान कचऱ्यात जातं असं आपल्याला वाटतं. हे गेलं नाही.

आधी एक छोटी गंमत. शाळेतलं सूत्र आठवा: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). ते २^३२ − १ ला पुन्हा पुन्हा लावत जा. २^३२ − १ म्हणजे (२^१६ + १)(२^१६ − १). उजवा कंस पुन्हा फोडा. शेवटी हातात काय राहतं?

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७

फर्माच्या पास झालेल्या पाचही टेस्ट केसेसचा गुणाकार म्हणजे आपली बत्तीस बिटांची कमाल मर्यादा! रोज डीबगरमध्ये दिसणाऱ्या त्या एफ-एफ-एफ-एफच्या पोटात हे दडलंय. शिवाय नायक यापेक्षा फक्त २ ने मोठा, आणि विषम. म्हणजे या पाचांपैकी एकही त्याला भागू शकत नाही. तेव्हा मघाच्या यादीतला २५७ आपोआप बाद, आणि भागाकार उरले फक्त चार.

मग ३० मार्च १७९६. गाउस नावाचा मुलगा, एकोणीस पूर्ण व्हायला एक महिना बाकी. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन १७ समान बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, हे त्याला उमगलं. ग्रीकांपासून दोन हजार वर्षांत जे कुणाला सुचलं नव्हतं ते. या शोधाने त्याच्या रोजनिशीची सुरुवात होते. १८०१ च्या ग्रंथात त्याने दाखवलं, की बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली की आकृती जमते. इतर कुठल्याच विषम संख्येला जमत नाही, याची सिद्धता १८३७ मध्ये वांत्झेलने दिली. म्हणजे पट्टी-कंपासने काढता येईल असा, आज माहीत असलेला, सगळ्यात जास्त विषम बाजूंचा सुसम बहुभुज कोणता? ४२९४९६७२९५ बाजूंचा. पुन्हा तोच! हर्मेस नावाच्या एका जर्मन शिक्षकाने ६५५३७ बाजूंच्या बहुभुजामागे दहा वर्षं घालवली आणि १८९४ मध्ये काम संपवलं. ती हस्तलिखितं गटिंगेनला पेटीत जपून ठेवलेली आहेत.

पुढच्या कड्यांचं म्हणाल तर २^६४ + १ फोडायला ऑयलरनंतर शंभराहून जास्त वर्षं जावी लागली. १८८० मध्ये लांद्री नावाच्या ८२ वर्षांच्या फ्रेंच गृहस्थांनी २७४१७७ हा अवयव जाहीर केला. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आठवते ना? तिथले एकूण दाणे २^६४ − १, आणि ही संख्या त्यापेक्षा फक्त दोनने जास्त. तीही हाताने फोडली, ८२ व्या वर्षी! २^१२८ + १ साठी मात्र कॉम्प्युटर लागला, १९७० मध्ये, मॉरिसन आणि ब्रिलहार्ट या जोडीला. २^२५६ + १ चा नंबर १९८० मध्ये. १५५ अंकी २^५१२ + १ पुरती फुटली १९९० मध्ये, आणि त्यासाठी जगभरातली सुमारे ७०० वर्कस्टेशन्स कामाला जुंपली होती.

या सगळ्या खटाटोपातून अवयव पाडण्याच्या नव्या नव्या पद्धती निघाल्या, आणि त्याच पद्धती पुढे आपली गुप्तलेखनाची कुलपं किती मजबूत आहेत हे ठरवायला वापरल्या गेल्या. गंमत म्हणजे त्या कुलपांच्या आतही फर्मा बसलेले आहेत. आरएसए पद्धतीच्या सार्वजनिक किल्लीत घातांक म्हणून सर्रास कोण असतो? ६५५३७. मूळ संख्या, आणि बायनरीत लिहिली तर दोनच एकके, मध्ये सगळी शून्यं, त्यामुळे हिशेब झटपट. एखादं आरएसए प्रमाणपत्र उघडून बघा, बहुतेक वेळा तोच दिसेल.

आणि आता आपली पाळी

शेवटी थोडं अस्वस्थ करणारं. आज या साखळीबद्दल काय माहीत आहे? पहिल्या पाच मूळ. २^३२ + १ पासून पुढच्या २८ कड्या तपासून झाल्या आहेत, आणि सगळ्याच्या सगळ्या संयुक्त निघाल्या. त्यातल्या काही तर अशा आहेत, की त्या फुटतात हे सिद्ध झालंय पण एकही अवयव सापडलेला नाही. त्यापुढची कडी, घातांक २^३३, ही सुमारे २५८ कोटी अंकांची आहे. ती मूळ की संयुक्त, अजून कुणालाच ठाऊक नाही.

त्यामुळे आता बहुतेकांना काय वाटतं? की पहिल्या पाचांनंतर एकही मूळ संख्या नाही. फर्मा म्हणाले होते "सगळ्या मूळ". आपण म्हणतोय "यापुढे एकही नाही". त्यांच्याकडे पाच टेस्ट केस होत्या, आपल्याकडे अठ्ठावीस. संभाव्यतेचे अंदाजही आपल्या बाजूने आहेत. पण सिद्धता? ती त्यांच्याकडे नव्हती, आणि आपल्याकडेही नाही.

गेल्या आठवड्यात टीममधल्या एका नव्या मुलाचा कोड बघत होतो. एका ठिकाणी विचारलं, "इथे हा आकडा याच्यावर जाणार नाही कशावरून?" तो म्हणाला, "नाही जाणार, सर. पाच-सहा केसेस टाकून बघितल्यात." मी तोंड उघडलं, आणि बाहेर मॅडमचंच वाक्य पडलं.

बिचारा कसनुसा हसला. मग म्हणाला, "वाटतंय, सर."

म्हटलं, छान. तसंच लिही कॉमेंटमध्ये.